वंगण : बैलगाडीपासून मोटारीपर्यंत

हिंगोलीच्या कापूसबाजाराकडे येणारी बैलगाडी दृष्टीस पडण्यापूर्वी कानी पडत असे. चाक कोरडे असले तर त्याची कुरकुर अर्ध्या कोसावरून ऐकू येई, आणि गाडीवान किती दक्ष आहे याची परीक्षा बाजारात बसल्याबसल्या होऊन जाई. मुकाट्याने येणारी गाडी म्हणजे व्यवस्थित घरची गाडी. तिच्या आसाशेजारी बांबूचे एक नळकांडे लोंबत असे. त्यात एरंडेल आणि चिंध्यांचे बोळे एकत्र कालवून केलेले काळेभोर वंगण असे. लांबचा पल्ला असला म्हणजे गाडीवान वाटेत थांबे, गाडीला टेकण देऊन चाक थोडे बाहेर सरकवी, आसाला वंगणाचा हात फिरवी आणि पुन्हा चाक बसवून पुढे जाई. अडलेले काम मार्गी लावण्यासाठी कोणाचा तरी हात ओला करावा लागतो, त्यालाही मराठीत ‘वंगण घालणे’ असेच म्हणतात. हा वाक्प्रचार ज्यांच्या तोंडी आहे त्यांपैकी फार थोड्यांनी खरे वंगण हाताळले असेल.

या गाडीवानाच्या कामात एक गोष्ट मुळीच नव्हती. तो वंगण घालीत असे, काढीत कधीच नसे. आसावरचे वंगण घर्षणाने झिजे, उन्हाने पातळ होऊन तुंब्यातून ओघळे, रस्त्यावरच्या धुळीत मिसळे आणि संपून जाई. संपले की नवे घालावयाचे, एवढाच त्याचा हिशेब. आज मोटारीचा मालक इंजिनातील जुने तेल काढून नवे भरतो, तेव्हा त्या कामाचा निम्मा भाग हजारो वर्षांचा असतो आणि निम्मा भाग जेमतेम सव्वाशे वर्षांचा. तेल भरणे जुने आहे, तेल काढणे नवे आहे. आणि या नव्या भागानेच असा एक प्रश्न उभा केला आहे, की जो गाडीवानाला कधी पडला नव्हता.

हिंगोली आज जिल्ह्याचे ठिकाण आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीची तिची ओळख दोन गोष्टींची. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी हैदराबाद कंटिंजंट फौज होती, तिची एक छावणी येथे होती. १९०३ साली ती फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली आणि छावणीचे दिवस सरले. दुसरी ओळख कापसाची. संस्थानातील कापसाच्या मोठ्या पेठांत हिंगोलीची गणना होत असे. छावणी गेली, कापूस राहिला, आणि त्या कापसाच्या मागोमाग यंत्रे आली. १९१२ साली पूर्णा जंक्शनपासून हिंगोलीपर्यंत मीटर गेजचा लोहमार्ग सुरू झाला.

आगगाडीने वंगणाचा व्यवहारच पालटून टाकला. डब्याच्या प्रत्येक आसाच्या टोकास लोखंडी पेटी असे. तिच्यात तेलाने भिजविलेला सुताचा बोळा आसाच्या अंगाशी दाबून बसविलेला असे, म्हणजे आस फिरताना आपोआप तेल ओढून घेई. गाडीवानाच्या नळकांड्यातील चिंध्या आणि रेल्वेच्या पेटीतील हा बोळा यांचे नाते उघड आहे. फरक माणसात पडला. बैलगाडीचे वंगण घालणारा हा गाडीचा धनी किंवा धन्याचा घरगडी असे. रेल्वेने त्यासाठी पगारी मनुष्य नेमला. गाडी स्थानकात उभी राहिली की हातोडी आणि तेलाची बुधली घेऊन तो एकेका डब्यापाशी वाके आणि पेटीवर तळहात ठेवून पाही. पेटी प्रमाणाबाहेर तापली असली तर आतील तेल संपले असे समजावयाचे. सरकी काढण्याच्या जिनिंग कारखान्यांतही पट्टे आणि दांडे यांच्याखाली असाच एक तेलवाला हिंडत असे. यंत्राची देखभाल ही मालकीपासून सुटून नोकरीकडे गेली ती अशी.

प्रारंभी या यंत्रांनाही एरंडेलच चाले. एरंडेल दाट असते, धातूला घट्ट चिकटून राहते आणि उष्णतेने इतर वनस्पतितेलांइतके लवकर पाणचट होत नाही. हैदराबाद संस्थानात, विशेषतः त्याच्या तेलंगण भागात, एरंडीचे पीक अमाप. परंतु १८५९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात ड्रेक नावाच्या गृहस्थाने जमिनीत नळ ठोकून खनिज तेल वर काढले, आणि त्यानंतरच्या चाळीस वर्षांत वंगणाच्या बाजारात जमिनीवरच्या तेलाला जमिनीखालचे तेल मागे सारू लागले. आसामात दिगबोई येथे १९०१ साली तेलशुद्धीचा कारखाना निघाला. खनिज तेल स्वस्त होते, हवे तितके पातळ अथवा दाट मिळे, आणि मुख्य म्हणजे एरंडेलाप्रमाणे तापून चिकट डिंकासारखे होत नसे.

तरी एरंडेलाने माघार सहजी घेतली नाही. लंडनमध्ये १८९९ साली चार्ल्स वेकफील्ड याने वंगणाची कंपनी काढली. त्याने खनिज तेलात एरंडेल मिसळून मोटारी व विमाने यांसाठी जे तेल सिद्ध केले, त्याला १९०९ साली ‘कॅस्ट्रॉल’ असे नाव दिले. एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच ते घेतलेले आहे. पहिल्या महायुद्धात तर एरंडेलाला लढाऊ सामग्रीचे मोल आले. त्या काळच्या पुष्कळ विमानांत संबंध इंजिनच पंख्यासह गरगर फिरत असे आणि त्यात पेट्रोलची वाफ व तेल एकाच पोकळीत येत. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून जाई, एरंडेल विरघळत नसे, म्हणून तेच हवे. अमेरिकेने तर हिंदुस्थानातून एरंडीचे बी नेऊन आपल्या दक्षिणेकडील शेतांत पेरविले. हे तेल इंजिनातून जळून, तुषार होऊन बाहेर पडे आणि वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. एरंडेल पोटात गेल्यावर पुढे काय होते हे सांगण्याची मराठी घरात आवश्यकता नाही. शूर वैमानिकांच्या चरित्रांत या अडचणीचा उल्लेख क्वचितच सापडतो.

या विमानांचे इंजिन एका अर्थाने बैलगाडीचेच होते: तेल वरून द्यावयाचे आणि ते बाहेर जाऊन संपावयाचे. आरंभीच्या मोटारीही याच वळणाच्या. मुंबईत १८९८ च्या सुमारास पहिल्या मोटारगाड्या आल्या. त्या काळच्या मोटारींत हाकणाऱ्यासमोर तेलाच्या काचेच्या नळ्या असत. त्यांतून थेंब किती पडतात हे पाहावे, चढ लागला की हातपंपाने आणखी थोडे द्यावे, आणि मागे निळा धूर निघाला की हात आखडता घ्यावा. उरलेले तेल रस्त्यावर गळे. तेल बदलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बदलण्यास ते शिल्लकच राहत नसे.

नंतर कारागिरांनी इंजिनाचे खालचे अंग बंद केले आणि तेथे तेलाचे भांडे बसविले. मेस्त्री लोक त्याला चेंबर म्हणतात. आता तेल खाली साचे, वर उडे किंवा पंपाने चढे, दट्ट्यांना आणि आसांना न्हाऊ घालून पुन्हा खाली येई. १९०८ साली निघालेली आणि १९२७ पर्यंत दीड कोटींवर खपलेली फोर्डची मॉडेल टी मोटार हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. तिच्यात पंप नव्हता, फिरत्या चाकाच्या उडवणीनेच तेल सर्वत्र जाई. तेलाची पातळी पाहण्यास आजच्यासारखी पट्टीही नव्हती. इंजिनाच्या मागील बाजूस खाली दोन तोट्या असत. वरच्या तोटीतून तेल वाहिले तर ते जास्त झाले, खालच्या तोटीतूनही आले नाही तर फार कमी झाले. हे पाहण्यास मालकाने गाडीखाली सरपटत शिरावे अशी अपेक्षा असे. काही काळाने चेंबरच्या तळाचे बूच काढून काळे झालेले तेल वाहू द्यावे आणि नवे भरावे, असेही कंपनी आपल्या पुस्तिकेत सांगे. नवी गाडी चारपाचशे मैल चालली की पहिल्याने, आणि मग हजार मैलांच्या आतबाहेर दर खेपेस.

अमेरिकेतील शेतकऱ्याने हे काम स्वतः केले. आपल्याकडे मोटार ज्याच्या दारी आली तो गाडीखाली शिरणारा मनुष्य नव्हता. संस्थानिक, जहागीरदार, वकील, डॉक्टर, कापसाचे व्यापारी यांच्या मोटारीबरोबर शोफर आला आणि शोफराच्या हाताखाली क्लीनर आला. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत त्या क्लीनरचा किन्नर झाला. बंगल्याच्या पोर्चमध्ये तेल बदलले जाई, म्हणजे ते घरीच बदलले जाई; पण घरधन्याच्या हाताला डाग लागत नसे. तेलाने माखलेल्या त्या पोरांपैकी कित्येक पुढे स्वतः ड्रायव्हर झाले, कित्येकांनी रस्त्याच्या कडेला गॅरेजे थाटली. शाळेचे तोंडही न पाहिलेली ही मंडळी इंजिनाच्या आवाजावरून दुखणे ओळखीत. त्यांच्या ज्ञानाची नोंद ठेवण्याची तसदी कोणी घेतली नाही.

निजामाच्या राज्यात सामान्य माणसाचा मोटारीशी संबंध आला तो बसमुळे. १५ जून १९३२ रोजी निजाम स्टेट रेल्वेच्या रोड ट्रान्सपोर्ट खात्याने २७ बसगाड्या आणि १६६ नोकर यांच्या बळावर वाहतूक सुरू केली. खाते रेल्वेचे, त्यामुळे तेलपाण्याची शिस्तही रेल्वेच्याच घरातली. त्याच सुमारास इंजिनाच्या तेलात दोन सुधारणा झाल्या. अमेरिकेत स्वीटलंड याने तेल गाळण्याचे साधन तयार करून १९२३ साली त्याचे पेटंट मिळविले, आणि पुढच्याच वर्षी निघालेल्या क्रायस्लर मोटारीत तेलाची गाळणी बसविलेली होती. दुसरी सुधारणा रासायनिक. १९३० नंतरच्या दशकात तेलात असे पदार्थ मिसळू लागले, की जे काजळीला तळाशी बसू न देता तेलातच तरंगत ठेवतात.

या दुसऱ्या सुधारणेमुळे एक गैरसमज निर्माण झाला, तो अद्याप गेलेला नाही. तेल काळे दिसले म्हणजे ते बिघडले असे लोक समजतात. वास्तविक नव्या पद्धतीचे तेल काळे होणे हे ते आपले काम करीत असल्याचे चिन्ह आहे. काजळी इंजिनाच्या अंगावर न बसता तेलात आली आहे, एवढाच त्याचा अर्थ. तेल खरोखर बिघडते ते अन्य कारणांनी. जळणाचे वायू दट्ट्याच्या कड्यांमधून खाली झिरपतात. त्यांच्याबरोबर पाण्याची वाफ आणि न जळलेले इंधन येते. पाणी आणि वायू यांच्या संयोगाने आम्ल तयार होते, ते धातू खाते. उष्णतेने तेल हवेतील प्राणवायूशी मिळून दाट होते. मिसळलेली औषधी द्रव्ये हळूहळू खर्ची पडतात. मोटार रोज लांब पळत असली तर इंजिन पुरते तापते आणि पाणी उडून जाते. उलट घर ते बाजार, बाजार ते शाळा अशा दोनदोन किलोमीटरांच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे तेल कमी चालूनही लवकर नासते. म्हणूनच मोटारीच्या पुस्तिकेत किलोमीटरांबरोबर महिन्यांचीही मुदत दिलेली असते. आजच्या सामान्य पेट्रोल मोटारीस ती बहुधा १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी भरेल ते, अशी आहे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा पुष्कळ बसगाड्यांच्या मागे लोणारी कोळशाच्या भट्ट्या बसल्या आणि कोळशाच्या वायूवर गाड्या चालू लागल्या. त्या वायूबरोबर राखेचे कण इंजिनात जात आणि तेलाची दुर्दशा होई. युद्ध संपले, १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. राजकीय इतिहासात या तारखांना मोठे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. परंतु हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या हाती वंगणाची बुधली परत आली ती निराळ्या वाटेने.

ती वाट विहिरीवरच्या ऑइल इंजिनाची. पुण्यास १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढील दशकांत डिझेलवर चालणारी इंजिने महाराष्ट्राच्या विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांत जाऊन बसली. मोट सुटली. शेतात उभ्या असलेल्या इंजिनाला शोफर नव्हता, क्लीनर नव्हता, गॅरेज कित्येक मैल दूर. ऐन हंगामात, ऊस किंवा हळद पाण्यावाचून सुकत असताना, इंजिन बंद पडून चालणार नव्हते. तेव्हा शेतकऱ्यानेच पाना हाती घेतला. बूच सोडून काळे तेल वाहू देणे, रॉकेलने चेंबर धुणे, नवे तेल मापाने ओतणे, हे तो करू लागला आणि त्याची मुले पाहून पाहून शिकली. पुढे ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, १९८३ च्या डिसेंबरापासून मारुतीची लहान मोटार मिळू लागली. वसमत, कळमनुरी, सेनगाव या बाजूंस ज्यांच्या घरी आज मोटारी आहेत, त्यांपैकी पुष्कळांच्या घरात तेल बदलण्याची विद्या मोटारीच्या आधी येऊन राहिलेली होती. शहरातील सुशिक्षित कुटुंबाला जे धाडस वाटते ते तेथे नित्यकर्म आहे.

हे काम कसे होते ते पाहिले म्हणजे त्यात गूढ काही नाही हे ध्यानात येते. प्रथम इंजिन काही मिनिटे चालवून तेल कोमट करतात. कढत तेलाने हात भाजतो आणि गार तेल पुरते निथळत नाही. गाडी सपाट जागी उभी करून, हातब्रेक लावून, चाकांना दगड देतात. गाडी उचलावयाची असली तर नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कोणीही जाऊ नये. जॅक निसटला तर माणूस चिरडतो, आणि अशी मृत्यूची उदाहरणे जगभर घडलेली आहेत. पक्के टेकण हवेच. याबाबतीत बैलगाडीचा गाडीवान अधिक सावध होता. मग खाली पसरट भांडे ठेवून बूच काढतात, तेल निथळू देतात, जुनी गाळणी उतरवून नवीच्या रबरी कड्याला तेलाचे बोट फिरवून ती हातानेच आवळतात. जुन्या गाळणीचे रबर इंजिनाला चिकटून राहिलेले नाही ना, हे पाहावे लागते. राहिले आणि त्यावरच नवी गाळणी बसविली तर सारे तेल रस्त्यावर जाते. बूच नव्या वॉशरसह बसवावे, पण बेताने. जोराने आवळून ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे मारणारे हौशी लोक थोडे नाहीत.

भरावयाचे तेल किती आणि कोणते, हे गाडीची पुस्तिका सांगते. लहान मोटारीस ते तीन ते चार लिटर लागते. डब्यावरील आकडे अमेरिकेतील मोटार-इंजिनियरांच्या सोसायटीने १९११ साली ठरविलेल्या मोजणीतून आलेले आहेत. आकडा जितका मोठा तितके तेल दाट. पूर्वी हिवाळ्यात एक तेल आणि उन्हाळ्यात दुसरे, असे ऋतुमानाप्रमाणे पालटावे लागे. १९५० नंतर थंडीत पातळ राहणारे आणि उष्णतेतही टिकणारे तेल प्रचारात आले. डब्यावर दोन आकडे दिसतात ते त्यामुळे, आणि पहिल्या आकड्यापुढचे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक आहे. वैशाखातल्या हिंगोलीच्या उन्हात दाटच तेल घालावे असे जुने मेस्त्री अजून सांगतात. जुन्या, झिजलेल्या इंजिनांसाठी ते खोटे नव्हते. नव्या इंजिनांतील फटी फार बारीक असतात, तेथे हा सल्ला बाधतो.

काम संपते तेव्हा पसरट भांड्यात चार लिटर काळे तेल उरलेले असते. बैलगाडीचे तेल संपून जात होते, हे संपत नाही. खेड्यांत त्याचे नाना उपयोग आहेत: खांबांना व कुडांना वाळवी लागू नये म्हणून चोपडणे, फाटकाच्या बिजागऱ्यांस घालणे, अंगणात धूळ उडू नये म्हणून शिंपडणे. उरले तर नालीत. नालीतले पावसाने ओढ्याला जाते, ओढ्याचे कयाधूला, आणि कयाधूचे पैनगंगेला. काटकसर म्हणून या उपयोगांचे पुष्कळ कौतुक झाले आहे, पण ते कौतुक अज्ञानातले होते. जळणाच्या धगीतून गेलेल्या तेलात कर्करोग उत्पन्न करणारी द्रव्ये आणि धातूंचे कण असतात. खनिज तेलाचा हा धोका नवा शोध नव्हे. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत चात्यांचे तेल कामगारांच्या कपड्यांत मुरून त्यांना त्वचेचा कर्करोग होतो, हे मँचेस्टरच्या सदम आणि विल्सन या दोन वैद्यांनी १९२२ सालीच दाखवून दिले होते. ज्या किन्नरांनी जन्मभर असे तेल कोपरापर्यंत माखून घेतले, त्यांच्यापर्यंत ही वार्ता पोचली नाही. शिवाय आपल्या देशात २००० साल उजाडेपर्यंत पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे, आणि त्यातील काही अंश याच तेलात उतरत असे.

कायद्याने जुन्या तेलाची गणना घातक टाकाऊ पदार्थांत केली आहे. याविषयीचे नियम प्रथम १९८९ साली झाले. २०२३ साली त्यांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२४ पासून तेल विकणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेले तेल परत मिळवून त्याचे पुनःशुद्धीकरण करविण्याची जबाबदारी टाकण्यात आली. मोठ्या सर्व्हिस सेंटरांत त्यासाठी पिंपे ठेवलेली असतात आणि परवानाधारक ती उचलून नेतात. घरी तेल बदलणाऱ्याने काय करावयाचे? नव्या तेलाचा रिकामा झालेला डबाच त्याच्या कामी येतो. जुने तेल त्यात भरून, झाकण घट्ट लावून, त्यात पाणी किंवा रॉकेल न मिसळता, तो डबा अशा एखाद्या पिंपापर्यंत नेऊन पोचवावा लागतो. गाळणीही उलटी ठेवून निथळावी लागते, कारण तिच्या पोटातही तेल असते.

पुनःशुद्धीकरणाच्या कारखान्यात त्या तेलातील पाणी आणि पेट्रोल प्रथम उडवून लावतात. नंतर हवा काढून घेतलेल्या पात्रात ते तापवितात, म्हणजे कमी उष्णतेत त्याची वाफ होते आणि काजळी, धातू व जुनी द्रव्ये मागे राहतात. थंड झालेल्या वाफेचे तेल पुन्हा शुद्ध करून त्यात नवी द्रव्ये मिसळली की ते फिरून डब्यात भरता येते. तेल मळते, झिजत मात्र नाही. पोर्चमध्ये उभ्या असलेल्या मोटारीत आज जे ओतले गेले, त्यातील काही भाग यापूर्वी कोणाच्या तरी ट्रॅक्टरात किंवा विहिरीवरच्या इंजिनात फिरून आलेला असणे अशक्य नाही.